बेरिया कॉलेज : श्रम, समता आणि कायदा



या व्याख्यानमालेच्या चालकांनी एखाद्या शिक्षणसंस्थेच्या इतिहासावर बोलावे असे आम्हांस पत्र धाडले, तेव्हा पत्र चुकून भलत्याच पत्त्यावर आले असावे अशीच आमची समजूत झाली. आमचे शाळेतले शिक्षण दहावीच्या अलीकडेच आटोपले. त्यानंतर कॉलेजाच्या पायऱ्या आम्ही पुष्कळ वेळा चढलो; परंतु त्या बगलेत पावतीपुस्तक मारून, शिपायांच्या आणि प्रयोगशाळेतल्या नोकरांच्या संघटनेची वर्गणी गोळा करण्यासाठी. हे आम्ही चालकांस सांगितले. त्यावर ते म्हणाले, "म्हणूनच तुम्ही या. कॉलेजात बसलेली माणसे कॉलेजाविषयी नेहमीच बोलतात. दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाला ते कसे दिसते, हे एकदा ऐकू द्या."

तेव्हा आम्ही जे कॉलेज निवडले त्याच्या इतिहासात दारालाच मोठे महत्त्व आहे. हे कॉलेज अमेरिकेत केंटकी या राज्यात, बेरिया नावाच्या लहानशा गावी आहे. ते आम्ही डोळ्यांनी पाहिलेले नाही. युनियनचे कार्यालय बंद झाल्यावर रात्री पुस्तके वाचून जे कळले तेच आज आपल्यापुढे ठेवीत आहोत. ही पुस्तके आम्ही केवळ हौसेखातर वाचली असेही नाही. एका तडजोडीवर आम्ही एकदा सही केली होती. ती बरोबर की चूक, हा प्रश्न आमच्या उशाशी चोवीस वर्षे बसून आहे. त्याच प्रश्नाने या कॉलेजाची झोप अधिक काळ उडवली होती, असे वाचनात आले, आणि मग पुस्तक खाली ठेववेना.

प्रथम थोडी ओळख. अमेरिकेत 'लिबरल आर्ट्स कॉलेज' म्हणून एक प्रकार आहे. तेथे वकिली, डॉक्टरी, इंजिनियरी असा एकच धंदा शिकवीत नाहीत. भाषा, इतिहास, तत्त्वज्ञान, गणित, शास्त्रे, संगीत यांचे शिक्षण देऊन आधी माणूस घडवावा, धंदा काय तो मागाहून शिकेल, अशी त्यामागची कल्पना असते. ही कॉलेजे बहुधा खाजगी आणि लहान. विद्यार्थी व शिक्षक एकाच आवारात राहणारे. फी मात्र जबर. त्यामुळे ती बहुतांशी खात्यापित्या घरांतल्या मुलांची होऊन बसली आहेत. बेरिया कॉलेज याच प्रकारचे, परंतु दोन बाबतींत न्यारे आहे. 1892 सालापासून या कॉलेजाने विद्यार्थ्यांकडून शिक्षणाची फी घेतलेली नाही. आणि विद्यार्थी तत्त्वज्ञान शिकत असो की रसायनशास्त्र, आठवड्यातून निदान दहा तास त्याला कॉलेजाचे कोणते ना कोणते काम करावेच लागते. विद्यार्थी आज दीड हजारांच्या आसपास आहेत, आणि त्यांतले बहुसंख्य गरीब घरांतले आहेत. प्रवेश देतानाच घरची गरज पाहिली जाते. सधन घरच्या मुलाला पैसे भरून तेथे जागा घेता येत नाही.

अशी संस्था उभी राहिली कशी? त्यासाठी आपणांस 1850 च्या सुमाराच्या केंटकीत जावे लागेल. ओहायो नदीच्या उत्तरेस गुलामगिरीला बंदी होती. दक्षिणेकडच्या केंटकीत माणसे बाजारात विकली जात. या केंटकीत जॉन फी नावाचा एक धर्मोपदेशक होता. जन्म 1816 चा. बाप गुलामांचा मालक. मुलगा धर्मशास्त्र शिकण्यासाठी नदीपलीकडे सिनसिनाटीला गेला, आणि गुलामगिरी हे पाप आहे असा निश्चय करून परत आला. बापाने त्याचा वारसा तोडला. बापाच्या घरी ज्युलेट नावाची एक गुलाम स्त्री होती. तिला फीने बापाकडून विकत घेतले, आणि मोकळे केले. ती नदीपलीकडे गेली; परंतु तिची मुले-नातवंडे अलीकडेच गुलामीत राहिली होती. 1858 साली त्यांना सोडवून न्यायला ती परत आली, पकडली गेली, आणि केंटकीच्या तुरुंगातच मरण पावली. एका माणसाने एका माणसाला मोकळे करून भागत नाही, हा धडा फीला घरातच मिळाला होता.

फीला जागा दिली ती कॅशियस क्ले या जमीनदार पुढाऱ्याने. क्ले स्वतः गुलामगिरीचा विरोधक. त्याने मॅडिसन काउंटीत, लेक्सिंग्टन शहराच्या दक्षिणेस सुमारे चाळीस मैलांवर, फीला थोडी जमीन दिली. तेथे मैदान संपते आणि अ‍ॅपलाचियन डोंगररांगा सुरू होतात. फीने त्या वस्तीला बायबलातल्या एका नगराचे नाव दिले : बेरिया. 1855 साली तेथे एक खोली उभी राहिली. तीच शाळा, आणि रविवारी तेच प्रार्थनामंदिर. पहिले शिक्षक ओहायोतल्या ओबर्लिन कॉलेजातून आले. काळ्या-गोऱ्यांना आणि स्त्री-पुरुषांना एकत्र शिकवणारे कॉलेज म्हणून ओबर्लिनचे नाव आधीच झाले होते. सगळी माणसे एकाच रक्ताची आहेत, या अर्थाचे बायबलातले वचन बेरियाचे ब्रीद झाले.

येथे एक प्रसंग सांगितला पाहिजे. पुढच्या सगळ्या कथेची गुरुकिल्ली त्यात आहे. 1856 च्या 4 जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, एका जाहीर सभेत फी आणि क्ले यांचे बिनसले. गुलामगिरी जावी याविषयी दोघांचे दुमत नव्हते. क्लेचे म्हणणे असे की, कायदा वाईट असला तरी बदलेपर्यंत तो कायदाच. आपण तो सनदशीर मार्गाने बदलू. फीचे म्हणणे असे की, ईश्वरी न्यायाच्या विरुद्ध जाणारा कायदा हा मुळी कायदाच नव्हे. तो पाळण्याचे बंधन कोणावर नाही. दोघेही प्रामाणिक. आमच्या चळवळीतही हे दोन पक्ष आम्ही प्रत्येक संपाच्या आदल्या रात्री एका चटईवर बसून भांडताना पाहिले आहेत. क्ले दूर झाला, आणि फीच्या पाठीवरचा एक मोठा हात गेला.

1859 च्या ऑक्टोबरात जॉन ब्राउन याने हार्पर्स फेरी येथील शस्त्रागारावर छापा घातला. उद्देश गुलामांना शस्त्रे द्यावीत हा. छापा फसला, ब्राउन फासावर गेला, आणि सगळा दक्षिण भाग भयाने पेटला. फीने एका भाषणात ब्राउनचा मार्ग नव्हे परंतु त्याची निष्ठा हवी, असे म्हटले होते. वर्तमानपत्रांनी त्यातले 'नव्हे' गाळून बाकीचे छापले. डिसेंबरात साठएक हत्यारबंद घोडेस्वार बेरियात आले, आणि दहा दिवसांच्या आत राज्य सोडून जा, असे त्यांनी शिक्षकांना बजावले. ऐन हिवाळ्यात बायकामुलांसह ही मंडळी ओहायोत निघून गेली. शाळेला कुलूप लागले.

मग यादवी युद्ध झाले. युद्धात केंटकीतल्या कॅम्प नेल्सन या छावणीवर हजारो कृष्णवर्णीय सैनिक भरती झाले. त्यांच्या मागोमाग त्यांच्या बायका-मुलांनीही तेथे आसरा घेतला. 1864 च्या नोव्हेंबरात लष्कराने त्या बायकामुलांना कडाक्याच्या थंडीत झोपड्यांतून हाकलले, आणि त्यांतली कितीतरी जीव मुकली. फी त्या छावणीत सैनिकांना अक्षरे शिकवीत होता, आणि या निर्वासितांसाठी धडपडत होता. युद्ध संपताच तो बेरियाला परतला. आता शाळा उघडायची होती ती सर्वांसाठी. 1866 साली पहिल्यांदा तीन कृष्णवर्णीय मुली वर्गात येऊन बसल्या, तेव्हा बरेचसे गोरे विद्यार्थी उठून निघून गेले. फीने त्यांना जाऊ दिले. मुलींना उठवले नाही. पुढच्या 1866-67 या वर्षी पटावर 187 विद्यार्थी होते : 96 कृष्णवर्णीय आणि 91 गोरे. श्रोतेहो, जो प्रदेश कालपर्यंत माणसे विकत होता त्याच प्रदेशात हा पट भरला होता, हे ध्यानात घ्यावे.

नाव कॉलेज असले तरी बहुतेक विद्यार्थी खालच्या वर्गांत होते. युद्धावरून आलेला दाढीवाला सैनिक आणि दहा वर्षांचे पोर एकाच बाकावर बसून मुळाक्षरे गिरवीत. पहिले अध्यक्ष एडवर्ड फेअरचाइल्ड 1869 साली आले, आणि त्यांनी वीस वर्षे कॉलेज चालवले. काळे आणि गोरे एकाच वसतिगृहात राहत, एकाच पंगतीला जेवत. परस्परांच्या प्रेमाचा आणि लग्नाचा प्रश्न निघाला, तेव्हा 1872 साली विश्वस्तांनी त्यावर सरसकट बंदी घालण्याचे नाकारले. पंक्तिभोजनापर्यंत येऊन पुढे अडणारे सुधारक आपण आपल्याकडे पुष्कळ पाहिले आहेत. त्या मानाने ही पुढची पायरी होती.

1873 साली बेरियाच्या पहिल्या पदवीधरांना पदव्या मिळाल्या. हेच साल आपल्या महाराष्ट्राला दुसऱ्या कारणाने ठाऊक आहे. त्याच वर्षी महात्मा जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक प्रसिद्ध केले, आणि त्याच वर्षी सत्यशोधक समाज स्थापन झाला. त्या पुस्तकाची अर्पणपत्रिका पाहा. गुलामांच्या मुक्ततेसाठी ज्या अमेरिकन लोकांनी निःस्वार्थपणे झीज सोसली, त्यांना जोतीरावांनी ते अर्पण केले आहे. फी आणि त्याचे सोबती हे त्याच लोकांपैकी. पुण्यात बसलेल्या एका माळ्याच्या मुलाने त्यांची खूण ओळखली होती. जोतीरावांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी पुढे गिरणी कामगारांची पहिली संघटना उभी केली. म्हणजे आमच्या धंद्याचे मूळही त्याच झाडात आहे. तेव्हा बेरियावर बोलण्याचा आम्हांस थोडा हक्क पोहोचतो, असे आम्ही धरून चालतो.

आता कथेला वळण लागते. 1892 साली विल्यम फ्रॉस्ट हे अध्यक्ष झाले, आणि 1920 पर्यंत राहिले. मोठे कर्तबगार गृहस्थ. फी माफ झाली ती त्यांच्याच आरंभी. कॉलेजाची कीर्ती वाढली, देणग्या वाढल्या. परंतु फ्रॉस्टसाहेबांची नजर पूर्वेकडच्या डोंगरांकडे लागली होती. तेथल्या दऱ्याखोऱ्यांत गोरे शेतकरी अत्यंत दारिद्र्यात राहत. शाळा नाही, रस्ता नाही, रोकड नाही. या लोकांसाठी फ्रॉस्ट यांनी लेख लिहिले, उत्तरेकडच्या धनिकांकडून पैसा मिळवला, आणि डोंगरातली मुले शेकड्यांनी आणली. घरी विणलेली पांघरुणे देऊन आयांनी मुलांच्या शिक्षणाचा खर्च भागवावा, अशीही सोय त्यांनी केली. पुण्यकर्मच ते. परंतु त्याच काळात पटावरचा जुना समतोल ढळला. एके काळी निम्म्याहून अधिक असलेले कृष्णवर्णीय विद्यार्थी विसाव्या शतकाच्या आरंभी पाचवा हिस्सादेखील उरले नव्हते. 1872 चा ठरावही फ्रॉस्ट यांच्या कारकिर्दीत फिरवला गेला. कृष्णवर्णीय माजी विद्यार्थ्यांनी निषेध केला. तो ऐकला गेला नाही. फी म्हातारा झाला होता. 1901 साली तो वारला. पुढे जे दार कायद्याने लावले ते आतल्या लोकांनी आधीच अर्धे लोटून ठेवले होते.

त्या अर्ध्या उघड्या दारातून आत शिरलेल्या एका विद्यार्थ्याची गोष्ट आम्हांस फार जवळची वाटते. त्याचे नाव कार्टर वुडसन. आईबाप पूर्वीचे गुलाम. तरुणपणी तो वेस्ट व्हर्जिनियात कोळशाच्या खाणीत काम करी. तेथे ऑलिव्हर जोन्स नावाचा एक खाणकामगार होता. तो युद्धात लढलेला, स्वतः निरक्षर. परंतु त्याच्या घरी वर्तमानपत्रे आणि पुस्तके येत, आणि खाणीतून सुटलेली माणसे तेथे जमत. वुडसन त्यांना मोठ्याने वाचून दाखवी. वाचता वाचता त्याला इतिहासाचे वेड लागले. विशी गाठल्यावर तो हायस्कुलात गेला. मग बेरियात आला, आणि 1903 साली तेथून पदवी घेऊन बाहेर पडला. 1912 साली हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट त्याला मिळाली. कृष्णवर्णीयांच्या इतिहासासाठी त्याने 1926 साली एक सप्ताह सुरू केला. त्याचा पुढे सबंध महिना झाला, आणि अमेरिकेत तो आजही पाळला जातो. गिरणीच्या चाळीत संध्याकाळी वर्तमानपत्र मोठ्याने वाचण्याचे काम लहानपणी आमच्याकडेही होते. वाचायला बसवणारा वडीलधारा भेटला की पोराचे काय होऊ शकते, हे आम्ही अनुभवाने जाणतो. आमचे एवढेसे झाले. वुडसनचे पुष्कळ झाले.

वुडसन बाहेर पडला आणि पुढच्याच वर्षी, 1904 साली, केंटकीच्या विधिमंडळात कार्ल डे नावाच्या सभासदाने एक विधेयक आणले. काळ्या आणि गोऱ्या विद्यार्थ्यांना एकत्र शिकवणाऱ्या संस्थेला 1,000 डॉलर दंड; पुढे एकत्र शिकवणे चालू ठेवल्यास रोजचे 100 डॉलर. शिकवणाऱ्यालाही दंड, शिकणाऱ्यालाही दंड. दुसऱ्या वर्णासाठी वेगळी शाखा काढायची तर ती निदान पंचवीस मैल लांब असावी. तेव्हा केंटकीत असे एकत्र शिकवणारे कॉलेज एकच होते. कायदा सर्वांसाठी लिहिलेला, रोख मात्र एकावर. कामगार कायद्यात अशी कलमे आम्ही पुष्कळ वाचली आहेत. कलमात कारखान्याचे नाव नसते, परंतु ते कोणत्या कारखान्यासाठी घातले हे साऱ्या गावाला ठाऊक असते.

कॉलेज कोर्टात गेले. स्थानिक न्यायालयाने दंड ठोठावला. केंटकीच्या वरिष्ठ न्यायालयाने 1906 साली पंचवीस मैलांचे कलम तेवढे रद्द केले, बाकी कायदा राखला. 1908 च्या 9 नोव्हेंबरला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सात विरुद्ध दोन मतांनी कॉलेजाविरुद्ध निकाल दिला. निकालातली मेख पाहण्यासारखी आहे. माणसांनी एकत्र शिकावे की नाही, या प्रश्नाला न्यायमूर्ती ब्र्यूअर यांनी सरळ हातच घातला नाही. ते म्हणाले, कॉलेज ही नोंदलेली संस्था आहे. नोंदणी राज्याने दिली, तर तिच्या शर्ती बदलण्याचा अधिकारही राज्याचाच. म्हणजे समतेचा प्रश्न कंपनी कायद्याच्या खुंटीला टांगून कोर्ट मोकळे झाले. विरुद्ध मत देणाऱ्या दोघांत न्यायमूर्ती हार्लन होते. हे स्वतः केंटकीचे, गुलाम बाळगणाऱ्या घराण्यात वाढलेले. त्यांनी विचारले की, स्वखुशीने आणि निष्पाप हेतूने एकत्र येणाऱ्या नागरिकांत सरकारने भिंत घालावी, इतका वर्णद्वेष आपल्यात भिनला आहे काय? त्यांचे मत पुस्तकात राहिले. कायदा व्यवहारात राहिला.

आता कॉलेजापुढे तीन वाटा होत्या. फीच्या मताने चालायचे, म्हणजे कायदा मोडायचा, दंड भरीत राहायचे, आणि पैसा संपला की दार लावायचे. नाहीतर, आम्ही सर्वांना शिकवू किंवा कोणालाच शिकवणार नाही, असे म्हणून आपणहून बंद व्हायचे. अथवा बहुसंख्य गोऱ्या विद्यार्थ्यांना ठेवून कृष्णवर्णीयांना निरोप द्यायचा. कॉलेजाने तिसरी वाट धरली. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना फिस्क वगैरे दुसऱ्या कॉलेजांत पाठवले, त्यांचा खर्च दिला. मग त्यांच्यासाठी वेगळी संस्था काढण्याकरिता निधी जमवला. 1912 साली शेल्बी काउंटीत लिंकन इन्स्टिट्यूट उघडली. तिला अँड्र्यू कार्नेगी यांची मोठी देणगी होती. हे तेच पोलादसम्राट, ज्यांच्या होमस्टेडच्या कारखान्यातला संप 1892 साली बंदुकीच्या बळावर मोडला गेला. दानाच्या पैशाचा उगम शोधू लागलो तर आमच्यासारख्याला अन्न गोड लागणार नाही. तो विषय येथेच सोडतो.

आता आमची गोष्ट. एका गिरणीत आम्ही संप चालवला होता. दोन महिने झाले. घरोघरी भांडी विकून झाली. मालक म्हणाले, सर्वांना घेतो, पगारवाढही देतो. परंतु सात माणसे परत येणार नाहीत. सातांपैकी एकजण विणकाम खात्यातले, वयाने आमच्या वडिलांच्या जागी. चाळीत आमच्या हाती वर्तमानपत्र देऊन, 'वाच, मोठ्यानं वाच' म्हणणारे तेच. आम्ही सही केली. सातशे चुली पेटल्या, सात विझल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्या घरी गेलो. ते म्हणाले, "सही केलीस ते बरं केलंस. पोरं उपाशी होती. पण युनियनच्या वहीतनं आमची नावं काढू नकोस." त्यांनी दुसरे काही मागितले नाही.

बेरियाने नावे वहीत ठेवली काय? हा प्रश्न घेऊन आम्ही पुढचा इतिहास वाचला.

1904 नंतरच्या काळात श्रमाची पद्धत कॉलेजात पक्की होत गेली, आणि आवारातले आजचे जीवन तिच्यावरच उभे आहे. 1906 साली बांधलेले प्रार्थनामंदिर विद्यार्थ्यांच्या हातांनी उभे राहिले. अध्यक्षांच्या घरी एका उन्हाळ्यात तीनशे पाहुणे येऊन गेले, तेव्हा अध्यक्षांच्या पत्नीने अतिथिगृह बांधायचा आग्रह धरला. 1909 साली ते उघडले. त्याच्या विटा कॉलेजाच्या भट्टीत विद्यार्थ्यांनीच पाडल्या, आणि आजही तेथे विद्यार्थी पाहुण्यांची व्यवस्था पाहतात. कोणी शेतावर, कोणी ग्रंथालयात, कोणी मागावर, कोणी सुतारखान्यात. 1920 पासून झाडू बांधण्याची शाळाच चालू आहे, आणि तेथले झाडू दूरदूर विकले जातात. शरदात एक दिवस वर्ग बंद ठेवून सगळे कॉलेज जवळच्या डोंगरमाथ्यावर चढते. वसंतात एक दिवस श्रमाचा सण असतो. श्रीमंत कॉलेजांतून विद्यार्थ्यांचे निवडक क्लब असतात तसले येथे नाहीत. फी नाही, मग चालते कसे? तर देणग्या आणि मृत्युपत्रांतून आलेला पैसा खर्च न करता मूळ निधीत टाकायचा, आणि त्याच्या उत्पन्नावर मुले शिकवायची, हा शिरस्ता शंभर वर्षे पाळला गेला आहे. आज तो निधी अब्जावधी डॉलरांच्या घरात गेला आहे.

श्रमप्रतिष्ठेची व्याख्याने ऐकून आम्ही विटलो आहोत. ती देणाऱ्याच्या हाताला घट्टा क्वचितच असतो. विद्यार्थ्याला मिळणारी रोख मजुरी बाहेरच्या बाजारापेक्षा कमी असते, हे युनियनचा माणूस म्हणून आमच्या नजरेतून सुटत नाही. परंतु तेथे एक गोष्ट खरी आहे : पैसे देऊन कामातून सुटका होत नाही, आणि कोणाच्या वाट्याला कोणते काम येणार हे जन्मावर ठरत नाही. आपल्या देशात झाडू ही शतकानुशतके एका समाजाच्या कपाळी लिहिलेली वस्तू होती. तेथे तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी तो बांधायला शिकतो, आणि बांधलेला नीट नसेल तर पुन्हा सोडून बांधतो.

असे असले तरी 1920 साली ती झाडूची शाळा उघडली तेव्हा तेथे बसलेले सगळे हात गोरे होते, हे विसरता कामा नये. श्रमाची प्रतिष्ठा शिकवणारी संस्था त्याच वेळी समतेचे दार बंद ठेवून बसली होती. कामाला मान देणे आणि माणसाला मान देणे, या दोन गोष्टी एकमेकींच्या बहिणी वाटतात. परंतु एकीला घरात घेतले म्हणून दुसरी आपोआप येत नाही. आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी हे ओळखले होते. 1924 साली साताऱ्याच्या वसतिगृहात त्यांनी सर्व जातींची मुले एका स्वयंपाकघरात जेवायला बसवली, आणि 1947 साली तेथेच कॉलेज काढले ते 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर. पंगत आधी, कुदळ मागून. हा क्रम आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. बेरियानेही 1866 साली याच क्रमाने आरंभ केला होता.

1950 साली केंटकीने डे कायद्यात दुरुस्ती केली, आणि ज्या कॉलेजांची इच्छा असेल त्यांना कृष्णवर्णीयांना घेण्याची मर्यादित मुभा मिळाली. बेरियाने त्याच वर्षी दार उघडले. सुप्रीम कोर्टाने शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला तो 1954 साली, म्हणजे त्यानंतर चार वर्षांनी. आलेले विद्यार्थी प्रथम मोजकेच होते. सेहेचाळीस वर्षे बंद राहिलेल्या दाराकडे लोक एका दिवसात धाव घेत नाहीत. 1965 साली अलाबामात मतदानाच्या हक्कासाठी मोर्चा निघाला, तेव्हा बेरियाचे विद्यार्थी आणि शिक्षक त्यात चालले. आज तेथे वर्गांत सर्व वर्णांची मुले आहेत, आणि फीचे ब्रीद अजून तेच आहे.

तेव्हा आमच्या प्रश्नाचे उत्तर काय? कॉलेज बंद पडले असते तर डोंगरातली हजारो गरीब मुले अडाणी राहिली असती, हे खरे. फी जिवंत असता तर त्याने सही केली नसती, हेही आम्हांस खरे वाटते. सहीबद्दल आम्ही कॉलेजाला दोष देत नाही. तो अधिकार आम्ही चोवीस वर्षांपूर्वीच गमावला. दोष असलाच तर तो 1904 च्या आधीच्या बारा वर्षांचा, जेव्हा कोणी जबरदस्ती करीत नसताना पटावरची नावे कमी होऊ दिली गेली. आणि श्रेय असेल तर ते याचे की, ब्रीद भिंतीवरून उतरवले गेले नाही. ते तेथे राहिले म्हणून 1950 साली कोणीतरी त्याच्याकडे बोट दाखवून 'आता उघडा' असे म्हणू शकले. तडजोड करावी लागते; संघटना चालवणाऱ्या माणसाला तर महिन्यातून दोनदा करावी लागते. परंतु ज्यांना वगळून ती केली, त्यांची नावे वहीत राहिली पाहिजेत. तडजोडीला विजय म्हणू लागलो की ती नावे पुसायला सुरुवात होते.

विणकाम खात्यातले ते गृहस्थ गेल्या दिवाळीनंतर वारले. आमच्या वार्षिक सभेत दरवर्षी सात नावे वाचली जातात, त्यांचेही वाचले. नवी पोरे विचारतात की, हे कोण, आणि हे अजून आपले सभासद कसे? मग आम्ही बसून सगळे पहिल्यापासून सांगतो.